टचिंग न केलेला फोटो: पाहण्याची, काढण्याची आणि छापण्याची रीत

नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरील स्त्रीकडे पाहताना वाचकाची नजर आधी डोळ्यांवर जाते. टचिंगचे, म्हणजे काढलेल्या फोटोत नंतर फेरफार करण्याचे, काम केलेला माणूस मात्र आधी कोपर पाहतो. कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन घड्या असतात, बाहेरील बाजूस कातडी सैल आणि काहीशी काळसर असते, आणि चेहरा, मान, खांदे, दंड असे करीत टचिंग करणारा तिथवर पोहोचतो तेव्हा अंक छापायला जाण्याची वेळ होत आलेली असते. म्हणून कोपर एकतर जसेच्या तसे राहून उरलेल्या हाताशी फटकून दिसते, नाहीतर त्याच्या घड्याच पुसल्या जाऊन हात नळीसारखा वाकलेला दिसतो. पुण्यातील एका स्टुडिओत मी १४ वर्षे हे काम केले. लग्नाचे अल्बम, स्थळांकडे पाठवायचे बायोडेटाचे फोटो आणि दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत अंकांची मुखपृष्ठे असे सगळे हाताखालून गेले, आणि त्यातले पुष्कळसे काम मी करायला नको होते असे आज वाटते. ते काम कसे ओळखावे, ते न केलेला फोटो कसा पाहावा, स्वतःचा तसा फोटो कसा काढून घ्यावा आणि अंकात छापायचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी, हे येथे सांगते आहे.

टचिंग म्हणजे नेमके काय

हा शब्द संगणकाच्या आधीचा आहे. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवून, मागून उजेड घेऊन, बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने तिच्यावर काम करीत असत. निगेटिव्हवर जिथे शिसे चढे, तिथे छापलेल्या फोटोत उजळपणा येई. त्यामुळे सुरकुती, डोळ्यांखालचे वर्तुळ किंवा देवीचे वण भरून काढणे जमत असे, पण कंबर आत घेणे हे जिकिरीचे काम होते आणि रोजच्या गिऱ्हाइकासाठी ते कोणी करीत नसे. मोठ्या नियतकालिकांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील ‘टीव्ही गाईड’ने १९८९ मध्ये टीव्हीवरील सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री यांचा चेहरा ॲन-मार्ग्रेट या अभिनेत्रीच्या धडावर बसवलेले चित्र मुखपृष्ठावर छापले होते, तेव्हा फोटोत फेरफार करण्याचे फोटोशॉप हे सॉफ्टवेअर बाजारात यायचे होते. ते १९९० मध्ये आले, आणि २००० मध्ये आलेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीत ‘लिक्विफाय’ नावाची सोय मिळाली. ओल्या मातीला बोटाने ढकलावे तसे तिच्याने फोटोतील शरीर आतबाहेर ढकलता येते. तेव्हापासून कंबर कमी करणे हे सुरकुती भरण्याइतकेच सोपे झाले, किंबहुना अधिक सोपे, कारण सुरकुती भरायला डोळा लागतो आणि कंबर ढकलायला फक्त माऊस.

फोटो पाहताना या कामाचे तीन थर मनात वेगळे ठेवावेत. पहिला साफसफाईचा: कॅमेऱ्यावरची धूळ, उजेडामुळे आलेली पिवळट किंवा निळसर झाक, फोटो जास्त काळा किंवा जास्त पांढरा आला असल्यास तो सारखा करणे. दुसरा कातडीचा: मुरूम, डाग, रंध्रे, लव, रंग. तिसरा आकाराचा: जबडा, दंड, कंबर, मांड्या, मानेची लांबी. पहिल्याविषयी कोणाचीच तक्रार नसावी. दुसऱ्यात किती आणि कोणते हा प्रश्न असतो. तिसरा थर मात्र दुसऱ्या बाईचे शरीर तयार करतो, आणि ते पाहून घरातील मुलगी आरशासमोर उभी राहते.

कुठे पाहावे

मासिक टेबलावर सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फोटो उलटा करून पाहावा. उलट्या फोटोत चेहरा चटकन ओळखू येत नाही, म्हणून नजर रेषांकडे वळते. आता शरीराच्या मागील सरळ वस्तू शोधाव्यात: दाराची चौकट, फरशांच्या सांध्यांच्या रेषा, जिन्याचा कठडा, खिडकीचे गज. लिक्विफाय शरीराबरोबर मागची भिंतही ढकलते, आणि कमरेशेजारी फरशीची रेष बोटभर वाकलेली दिसली की तिथे काहीतरी आत घेतले आहे असे समजावे. हल्लीची कामे अधिक सफाईची असतात. शरीर आधी वेगळे कापून घेतात आणि मागची भिंत नंतर भरतात, म्हणून केवळ या खुणेवर विसंबू नये.

आपल्याकडच्या फोटोंत त्याहून भरवशाची जागा म्हणजे साडी. इरकलीची चौकडी, पैठणीच्या पदरावरील बुट्टे, नारायणपेठेचे काठ यांना ठरलेले माप असते, आणि ते माप कापड विणणाऱ्याने दिलेले असते. कमरेपाशी चौकटी अचानक अरुंद झाल्या आणि मांडीवर पुन्हा पूर्ववत दिसू लागल्या, तर तो निऱ्यांचा परिणाम आहे की माऊसचा, हे पाहावे. निरीत चौकट दुमडते, तिची कड सावलीत जाते, पण ती नुसतीच चेपली जात नाही. ब्लाउजच्या बाहीची कडही अशीच बोलकी असते. बाही दंडावर जिथे संपते तिथे जिवंत माणसाच्या दंडावर थोडा फुगवटा येतोच, मग ती बाई कितीही सडपातळ असो. तो फुगवटा नसेल आणि बाहीची कड दंडावर हवेत तरंगते आहे असे वाटत असेल, तर दंड बारीक केला आहे.

यानंतर मान आणि हात पाहावेत. चेहऱ्यावर बहुतेक वेळ गेलेला असल्यामुळे चेहऱ्याचे वय तीस आणि हाताच्या पाठीचे पन्नास असा प्रकार पुष्कळदा आढळतो. गळ्यावर दोन आडव्या रेषा अगदी तरुण मुलींनाही असतात. मंगळसूत्र किंवा ठुशी घातलेल्या मानेवर त्या रेषा नसतील तर त्या पुसल्या आहेत. काखेची जागा विसरू नये. २०१६ मध्ये ‘मॅक्झिम’च्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर प्रियांका चोप्रा यांचा हात वर केलेला फोटो आला, तेव्हा लोकांनी नेमकी तीच जागा हेरली होती: कातडीला एकही घडी नाही, सावली नाही, काही नाही. त्यावर त्यांनी हात वर केलेला स्वतःचा एक फोटो टाकून त्या टीकेला हसत उत्तर दिले.

डोळा तयार करण्यासाठी जोड्या पाहण्याइतका चांगला अभ्यास नाही, म्हणजे एकच फोटो, टचिंगच्या आधीचा आणि नंतरचा. अशी एक उत्तम जोडी अमेरिकी अभिनेत्री झेंडाया हिने २०१५ मध्ये स्वतःच लोकांसमोर ठेवली. ‘मॉडेलिस्ट’ नावाच्या नियतकालिकाने तिचे नितंब आणि धड कमी केले होते. ती तेव्हा १९ वर्षांची होती, तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकले, आणि अंक मागे घेतला गेला. त्याआधी २००३ मध्ये ब्रिटनमधील ‘जीक्यू’ने अभिनेत्री केट विन्स्लेट यांचे पाय बारीक केल्यावर त्यांनी आपण तशा दिसत नाही आणि दिसण्याची इच्छाही नाही असे उघड सांगितले होते. जोडी समोर आल्यावर आधी नंतरचा फोटो पाहावा, कोठे काय केले असेल ते कागदावर लिहावे, आणि मग आधीचा पाहावा. मी शिकाऊ मुलांना हेच करायला लावीत असे. पहिल्या वेळी त्यांना निम्मेही बदल सापडत नसत, आणि यात नवल नाही. न दिसणे हेच या कामाचे कसब आहे.

ओळखता आले म्हणजे झाले, असे नाही

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक पालकांची समजूत अशी असते की ‘हे सगळे खोटे असते गं’ एवढे मुलीला सांगितले की काम झाले. कायद्यांचीही समजूत हीच होती. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा करून जाहिरातीत बारीक केलेल्या शरीराच्या फोटोवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचे शरीर सॉफ्टवेअरने बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर ‘दुरुस्त केलेले छायाचित्र’ असे लिहावे लागते, आणि न लिहिल्यास ३७,५०० युरोंपर्यंत दंड आहे. नॉर्वेने जुलै २०२२ पासून अशीच खूण सक्तीची केली आणि समाजमाध्यमांवर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांनाही तीत ओढले. हेतू चांगला होता. पण ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सूचना छापलेले फोटो स्त्रियांना दाखवून वारंवार प्रयोग केले, तेव्हा सूचना वाचल्यामुळे स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी कमी होते असे दिसून आले नाही. शरीराचा कोणता भाग बदलला आहे हे सूचनेत नेमके लिहिले, तर नजर उलट त्याच भागाकडे जास्त जाते, असेही आढळले.

याचे कारण अवघड नाही. खोटे आहे हे कळणे आणि तसे दिसावेसे न वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकातला मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे माहीत असूनही पोराला तो हवाच असतो.

दुसरी एक पाहणीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तो आल्यानंतर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीचे वागणे बिघडल्याचे दाखवणारे गुण मिळालेल्या मुली पहिल्या वेळी १२.७ टक्के होत्या, तीन वर्षांनी २९.२ टक्के. जेथे भरदार अंग हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जात असे, तेथे मुली उपाशी राहण्याच्या आणि ओकारी काढण्याच्या गोष्टी सांगू लागल्या. त्या मालिकांतील नट्यांवर कोणी लिक्विफाय चालवलेले नव्हते. त्या नट्या खऱ्याच होत्या. फक्त एकाच प्रकारच्या होत्या. म्हणजे माऊसच्या आधी एक हात फिरलेला असतो, तो निवडीचा, आणि त्याची खूण कोपरावर सापडत नाही.

म्हणून मुलीबरोबर मासिक पाहायला बसताना ‘यात काय खोटे आहे’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. तिसरा किंवा चौथा प्रश्न तो असू दे. आधी विचारावे की या अंकात एकूण किती स्त्रियांचे फोटो आहेत, आणि मग दोघींनी पेन्सिल घेऊन मोजावे: पन्नाशीपुढच्या किती, सावळ्या किती, चष्मा लावलेल्या किती, जाड म्हणाव्यात अशा किती, आणि त्या जाड बाया कशाच्या जाहिरातीत आहेत. मोजण्याने एक गोष्ट साधते. मुलीची नजर स्वतःच्या पोटावरून उठून संपादकाच्या टेबलावर जाते. मग विचारावे की हा फोटो कोणी, काय विकण्यासाठी काढला असेल. त्यानंतर कोपर, काठ आणि बाही.

घरातले बोलणे याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याला कुठलीही सूचना छापता येत नाही. ‘रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे’ या वाक्यातला ‘पण’ मुलीच्या कानात किती वर्षे राहतो, ते ज्यांनी तो ऐकला आहे त्यांनाच ठाऊक. आईने साडी नेसताना आरशात पाहून स्वतःच्या पोटाला नावे ठेवायची आणि मुलीला मात्र ‘तू आहेस तशीच छान आहेस’ म्हणायचे, हे चालत नाही. मुली ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. मुलगी जेवण टाळू लागली, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बसू लागली, पाळी चुकू लागली किंवा वजन झपाट्याने उतरू लागले, तर मासिके पाहत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

टचिंग न केलेला फोटो पाहताना

असा फोटो समोर आला की आपण त्यालाच खरे मानून मोकळे होतो, आणि येथेही सावध राहावे लागते. उजेड, कोन, भिंग आणि पन्नास फोटोंतून एक उचलणे ही सारी कामे टचिंगच्या आधीच होऊन गेलेली असतात. २००२ मध्ये अमेरिकी अभिनेत्री जेमी ली कर्टिस यांनी ‘मोअर’ मासिकाकडे स्वतः आग्रह धरून मेकअप आणि टचिंग न करता, अंतर्वस्त्रांवर, साध्या उजेडात फोटो काढून घेतला. त्या वेळी त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याच अंकात त्यांचा नटूनथटून काढलेला फोटोही होता आणि तो तयार व्हायला १३ माणसे आणि तीन तास लागले हेही छापले होते. मला ही जोडी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत संगणकाला दोष देऊन बाकीच्यांना मोकळे सोडलेले नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकी मॉडेल सिंडी क्रॉफर्ड यांचे आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांचा एक ‘टचिंग न केलेला’ फोटो बाहेर फुटला आणि जगभर लोकांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. त्यांनी तो प्रसिद्धीला दिलेलाच नव्हता, आणि छायाचित्रकाराचे म्हणणे असे होते की तो फोटो चोरून, मुद्दाम अधिक वाईट दिसेल असा बदललेला आहे. म्हणजे सुरकुत्या पुसता येतात तशा घालताही येतात. याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. २०१४ मध्ये ‘जेझबेल’ या संकेतस्थळाने अमेरिकी अभिनेत्री लीना डनम यांच्या ‘व्होग’ या फॅशन मासिकातील फोटोंच्या टचिंगपूर्व प्रतींसाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले होते. मासिकाला जाब विचारायचा म्हणून बाईच्या शरीराचे मूळ कागद बाजारात मागवायचे, हा न्याय कुठला? ज्या स्त्रीचा फोटो आहे तिने तो दिला आहे का, हे टचिंग न केलेला फोटो पाहताना आधी विचारावे.

स्वतःचा फोटो

फोनने काढलेला फोटो म्हणजे टचिंग न केलेला, असे समजू नये. बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी’ ही सोय आपण न सांगताच चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन ती शून्यावर आणावी आणि मग, आपल्याला न सांगता काय काय पुसले जात होते, ते एकदा पाहून घ्यावे. पण एवढ्याने भागत नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचा जो भाग कॅमेऱ्याला जवळ तो मोठा येतो. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवले की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. ते प्लास्टिक सर्जरी करणारे डॉक्टर होते आणि सेल्फी पाहून नाक कमी करून मागणारी माणसे त्यांच्याकडे येत होती. म्हणजे ज्या नाकाची लाज वाटते ते नाक आपले नसून अंतराचे असू शकते.

तेव्हा फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा, त्याला पाच-सहा फुटांवर उभे करावे, आणि जवळ दिसावे म्हणून पुढे यायला न सांगता दुप्पट झूम वापरायला सांगावे. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. डोक्यावरच्या दिव्याखाली उभे राहू नये, कारण तो डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो आणि मग त्या सावल्यांनाच आपण काळी वर्तुळे म्हणतो. श्वास रोखू नये. तीन फोटो काढावेत, पाहावेत आणि आठ दिवस त्यांतला एकही पुसू नये. पहिल्या दिवशी जो फोटो नकोसा वाटतो, तो आठव्या दिवशी नुसता आपला वाटतो, असा माझा अनुभव आहे; सर्वांना तसे वाटेलच असे नाही, पण करून पाहायला खर्च नाही.

स्टुडिओत सांगायचे ते

बायोडेटाच्या फोटोची एक गोष्ट मी विसरलेले नाही. मुलीबरोबर तिची आत्या आली होती. मुलगी मागच्या खुर्चीत बसली आणि आत्याबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर. “ताई, रंग जरा उघडा,” त्या म्हणाल्या, “आणि हे हनुवटीखालचं थोडं आत घ्या.” मी रंग उघडला, हनुवटी आत घेतली, आणि कोणी न सांगता सवयीने ओठावरचा तीळही पुसला. फोटो छापून हातात दिल्यावर मुलीने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आधीचा पण द्याल का?” आधीचा नव्हता. मी मूळ फाइलवरच सेव्ह केले होते.

म्हणून पहिली अट ही घालावी की मूळ फाइल जशीच्या तशी आपल्याला मिळाली पाहिजे, आणि ती पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावी. दुसरी गोष्ट, ‘टचिंग करू नका’ एवढेच मोघम सांगितले तर ऑपरेटरला ते ‘जास्त करू नका’ असे ऐकू येते. त्याचा हात सवयीने चालतो आणि काही स्टुडिओंत तर कातडी गुळगुळीत करणारी सोय सगळ्या अल्बमवर एका कळीने चालवली जाते. तेव्हा काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कागदावर लिहून द्यावे. मला पटणारा नियम सोपा आहे: जे दोन आठवड्यांनी अंगावर नसेल ते काढायला हरकत नाही, जे असेल ते राहू द्यावे. आज उठलेला मुरूम, डास चावल्याची गाठ, दाढेमुळे सुजलेला गाल, ब्लाउजवर पडलेला कुंकवाचा डाग, हे जाऊ द्या. तीळ, वण, रंग, हनुवटी, दंड, पोट, हे राहू द्या. लग्नाचा अल्बम असेल तर हे बोलणे वराच्या मामांनी किंवा सजावटीच्या माणसाने करू नये. ज्यांचे फोटो आहेत त्या दोघांनी स्वतः करावे.

रंगाविषयी एक गोष्ट अधिक सांगावी लागेल, कारण फसवणूक तिथेच सर्वांत सोपी असते. फोटो ‘उजळ’ करणे याचे दोन अर्थ होतात. पूर्ण फोटोचा उजेड वाढवला तर साडी, भिंत, पांढरे फूल सगळेच त्याच प्रमाणात उजळते. फक्त कातडी उजळवली तर फूल तेवढेच राहते आणि चेहरा त्याच्याकडे सरकतो. गजरा माळलेला असेल तर तपासणे सोपे जाते: मूळ आणि तयार फोटो शेजारी ठेवून मोगऱ्याचा पांढरा रंग जुळवून पाहावा. मोगरा बदललेला नाही आणि गाल बदलला आहे, तर तो उजेड नव्हे.

अंक काढणाऱ्यांसाठी

महाविद्यालयाचा वार्षिकांक, महिला मंडळाचा विशेषांक, दिवाळी अंक, कोणताही असो, फोटोंवर काय करायचे आणि काय नाही हे चार ओळींत लिहून अंकात छापावे. ‘आम्ही नैसर्गिक सौंदर्याचा पुरस्कार करतो’ अशी ओळ छापू नये. तिला काही अर्थ नाही. अमेरिकेतील ‘सेव्हन्टीन’ या मुलींच्या मासिकाकडे २०१२ मध्ये मेन राज्यातील एका १४ वर्षांच्या वाचक मुलीने मागणी केली होती की दर महिन्याला निदान एक फोटोमालिका अजिबात टचिंग न करता छापा. तिच्या अर्जावर ८० हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि मासिकाने आपल्या ऑगस्टच्या अंकात वचन दिले की मुलींच्या शरीराचा किंवा चेहऱ्याचा आकार आम्ही बदलणार नाही. मागणी आणि वचन यांत फरक आहे. आकार न बदलता कातडी गुळगुळीत करायला त्या वचनाने मनाई होत नाही. चार ओळी लिहिताना तिन्ही थरांचा वेगवेगळा उल्लेख करावा तो यासाठीच. विकत घेतलेल्या फोटोंबाबतही हेच लक्षात असू द्यावे: ‘गेटी इमेजेस’ने ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड केलेले फोटो आपल्या जाहिरातयोग्य संग्रहात घेणे बंद केले, पण केस, कातडी, डाग यांवरील काम चालू ठेवले.

फोटो बाहेरच्या छायाचित्रकाराकडून घेत असाल तर मूळ प्रत मागावी आणि ती मिळेपर्यंत बिल अडवून ठेवावे. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स आणि मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन यांचे चेहरे असलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दोन जाहिराती बंद केल्या, तेव्हा मुद्दा हाच होता: फोटोवर नेमके किती काम झाले हे कंपनीला दाखवून देता आले नाही.

निवडीचे काय करावे, हे मात्र धोरणाने सुटत नाही. जर्मनीतील ‘ब्रिगिटे’ या मोठ्या स्त्री-पाक्षिकाने २०१० पासून व्यावसायिक मॉडेल घ्यायच्या नाहीत, साध्या स्त्रियाच घ्यायच्या, असे ठरवले होते आणि २०१२ मध्ये ते सोडून दिले. साध्या स्त्रिया निवडणारे डोळे जुनेच असतील तर साध्या स्त्रियाही जुन्या मॉडेलसारख्याच दिसतात. छोट्या अंकाला यात एक सोय आहे: त्याला निवड करावीच लागत नाही. बचत गटावर लेख असेल तर गटातील बाराही जणींचा फोटो छापावा, पुढच्या रांगेत कोणाला बसवायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि मजकूर बसत नाही म्हणून कडेच्या दोघींना कापू नये. कडेला नेहमी कोण उभे असते, ते सांगायला नको.

प्रत्येक स्त्रीला तिचा फोटो छापण्याआधी दाखवावा आणि तिची लेखी संमती घ्यावी. टचिंग न करण्याचा हट्ट संपादकाचा असतो, चेहरा तिचा असतो. तिने ‘हा नको’ म्हटले तर दुसरा काढावा. त्याच फोटोवर काम करून देऊ नये, आणि ‘तुम्ही आहात तशाच सुंदर आहात’ असे सांगून तिची समजूतही घालू नये.

शेवटचे काम छापखान्यात असते आणि ते बहुतेक संपादक विसरतात. साध्या कागदावर शाई पसरते, फोटो पडद्यावर दिसला त्याहून काळा येतो, आणि सावळ्या चेहऱ्याचे बारकावे आधी नाहीसे होतात. छपाईवाला मग आपल्या मनाने चेहरे उजळवून टाकतो, सगळ्यांचे एकाच मापाने. ही पहिल्या थरातील दुरुस्ती आहे आणि ती करावीच लागते, फक्त ती डोळ्यांच्या अंदाजाने होऊ देऊ नये. आपल्याच कागदावर एक प्रूफ काढून घ्यावे, जिचा फोटो आहे तिच्याकडे ते घेऊन जावे, खिडकीपाशी कागदावरच्या हाताशेजारी तिचा हात ठेवावा, आणि दोन्ही जुळेपर्यंत मशीन चालू करू देऊ नये.